ताईंचं नाक रजेवर

आमच्या ऑफिसातले किस्से सांगायला बसलं की एक सांगताना दुसरा आठवतो, आणि दुसरा संपायच्या आत तिसरा मध्येच घुसतो. त्यात मला चारचौघांत बोलायला जमत नाही. मी तोंड उघडेपर्यंत विषय बदललेला असतो. म्हणून म्हटलं, लिहूनच काढू.

अंधेरी पूर्वेला एमआयडीसीत, दुसऱ्या मजल्यावरच्या एका गाळ्यात आमचं ऑफिस आहे. बाहेरून वाईन मागवायची आणि हॉटेलांना पुरवायची, हा धंदा. मालकांना सगळे नुसतं सर म्हणतात. विक्री बघतो तो रोहन. गोडाऊन आणि टेम्पो सांभाळतात ते सावंतकाका. गाव मालवणकडचं, राहायला दिंडोशीला. टेस्टिंग रूम माझ्याकडे. आणि कुठली वाईन घ्यायची, कुठली परत पाठवायची, हे ज्यांच्या नाकावर ठरतं त्या माधवीताई. मुलुंडच्या. आधी औषधांच्या कंपनीत लॅबमध्ये होत्या.

गेल्या वर्षी ताईंना ताप आला. ताप उतरला आणि नाक गेलं. म्हणजे नाक जागेवर होतं, वास येईना. डॉक्टर म्हणाले येईल परत, कधी ते सांगता येत नाही. वाईन चाखणाऱ्या माणसाला वास येत नसेल तर त्याने ऑफिसला येऊन करायचं काय? त्या वर्षात आमच्याकडे जेवढं हसणं झालं तेवढं एरवी होत नाही, आणि जेवढी धाकधूक झाली तेवढीही नाही. पण पहिल्यापासून सांगतो.

* * *

माझा पहिला दिवस. नववीनंतर शाळा सुटली, तेव्हापासून पाच ठिकाणी कामं केली होती, पण वाईनचा ग्लास हातात कधी धरला नव्हता. ताईंनी ग्लास दिला, पांढऱ्या कागदावर तिरका धरायला सांगितला आणि विचारलं, काय दिसतंय?

मी म्हटलं, "लाल."

"लाल तर सिग्नलपण दिसतो. अजून बघ."

मी बघितलं. काठाकडे रंग जरा विटकरी वाटत होता, पण असं काही बोललं तर चुकेल म्हणून गप्प. शेवटी ताईच म्हणाल्या, मनात आलंय ते बोल, वाईन काही तुझे मार्क कापणार नाही.

मी घाबरत सांगितलं, "आईची एक जुनी साडी आहे. मधे लाल, पण काठाला धुऊन धुऊन उतरलीय. तसं."

ताईंनी रोहनकडे बघितलं. "हा उद्यापासून येतोय," म्हणाल्या. तोपर्यंत मला वाटत होतं की मी आलोच आहे.

* * *

वाईन चाखण्यात गिळण्यापेक्षा थुंकण्याला जास्त महत्त्व आहे, हे कोणालाच पटत नाही. आधी रंग बघायचा, मग ग्लास गोल फिरवून वास घ्यायचा, मग घोट तोंडात घोळवायचा आणि बादलीत थुंकायचा. गिळत गेलात तर चौथ्या ग्लासापर्यंत सगळं जग चांगलं वाटायला लागतं.

एकदा रोहन सुट्टीवर होता, एक माणूस कमी पडला. ताईंनी सावंतकाकांना बसवलं. त्या दिवशी टेम्पो काढायचा नव्हता. काकांना सगळं समजावलं. बादली दाखवली. काकांनी बादलीकडे अशी नजर टाकली की जणू तिने काहीतरी अपमान केलाय.

"ताई, तोंडात घातलेला थुकूचा? माझ्या आयशीन असा शिकवलेला नाय."

मग ते गिळत गेले. पहिल्या वाईनला म्हणाले, "वायट." दुसरीला, "चलात." मग "बरी." मग "लय बरी." शेवटचीला तर हात जोडले. ताईंनी पहिल्याच बाटलीतली पुन्हा ओतून समोर ठेवली. काकांनी डोळे मिटून घोट घेतला आणि बराच वेळ डोळे उघडलेच नाहीत.

"ही आधी खय ठेवलेली?" म्हणाले.

* * *

सरांना एकदा वाटलं की टेस्टिंग रूम हॉटेलसारखी दिसली पाहिजे. आम्ही सगळे एका प्रदर्शनाला गेलो होतो तेव्हा त्यांनी पांढरे ट्यूब काढून पिवळे दिवे लावून घेतले. सांगितलं कोणाला नाही. सरप्राइज.

दुसऱ्या दिवशी व्हाईट वाईनचा एक लॉट तपासायचा होता. पहिला ग्लास बघूनच ताईंच्या कपाळाला आठी. एवढा पिवळा रंग नव्या वाईनला नसतो. हवा लागून बिघडली की असा येतो. दुसरा ग्लास तसाच. तिसरा तसाच. वासात काही खोट सापडेना, पण रंग बघितल्यावर वासावर विश्वास बसेना. रोहनने कळवायचं काय याची जुळवाजुळव सुरू केली. सगळा लॉट परत.

तेवढ्यात सावंतकाका दारातून रोहनला म्हणाले, बाबा, डॉक्टरकडे जाऊन ये, सकाळपासून बघतोय, तुला कावीळ झालीय.

ताईंनी रोहनकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग हळूच वर दिव्याकडे. ग्लास उचलून खिडकीशी नेला. वाईन पाण्यासारखी स्वच्छ.

रोहनने तरी संध्याकाळी जाऊन रक्त तपासून घेतलं.

* * *

परदेशात वास शिकण्यासाठी छोट्या छोट्या बाटल्यांचा एक संच मिळतो. ताईंनी तो आणला होता. त्यातली एक बाटली माझ्या नाकाखाली धरली. मी म्हटलं, खोकल्याचं औषध. रोहन म्हणाला, ब्लॅककरंट. ताई खूश झाल्या, पण मग लक्षात आलं की लेबल रोहनच्या बाजूला होतं. ते फळ त्यानेही जन्मात खाल्लं नव्हतं.

मग ताईंनी ठरवलं, आपले वास आपण गोळा करायचे. काचेच्या बरण्या आणल्या आणि आम्ही भरत गेलो. लवंग, पेन्सिलचा भुसा, कुंडीतली माती, घड्याळाचा जुना चामड्याचा पट्टा, करवंदं मिळतील तेव्हा करवंदं, आणि कोकमाची सोलं. रोज सकाळी प्रत्येकाने प्रत्येक बरणीत नाक घालायचं. नाकाचा व्यायाम.

एका दुपारी सावंतकाकांनी घरून तळलेले बांगडे आणले होते. बरोबर त्यांनी पँट्रीत ताजी सोलकढीही केली. सगळे जेवलो. रोहनने तर सोलकढीचे दोन ग्लास संपवले आणि म्हणाला, काका, हॉटेलला विकू शकतो आपण ही.

"सोलां बरी होती," काका म्हणाले. "त्या बरणीत नुसती पडान होती."

महिनाभर आम्ही सगळे त्या बरणीत नाक खुपसत होतो. सर्दी असतानासुद्धा. रोहन उठून बेसिनकडे पळाला. माझा घास हातातच राहिला.

ताईंनी शांतपणे ग्लास पुढे केला. "आता घरचंच झालं की सगळं. घाला अजून."

* * *

या कामाचा घरी फार त्रास होतो. मला नाही, आईला. सवय लागते ना. मी आमटीत पोळी बुडवायच्या आधी वाटी नाकाशी नेतो, ताकाचा पेला गोल फिरवतो. नाहूरला आमच्याकडे पाहुणे जेवायला असतानाही हात आपोआप फिरतो.

आईने एकदा ताट ओढूनच घेतलं. म्हणाली, वास कसला घेतोस, आजचंच आहे ते.

मी समजावलं की मी शिळं आहे का ते बघत नाही, हिंग कधी घातलाय ते बघतोय. फोडणीत की नंतर.

आईने ताट परत माझ्यापुढे सरकवलं. मग जेवायला आलेल्या मावशीला म्हणाली, "बघ, याच्यासाठी मुलगी शोधायची आहे."

* * *

आणि मग तो ताप.

ताई कामावर परत आल्या त्या दिवशी पहिलाच ग्लास नाकाशी नेला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. त्यांनी लवंगेची बरणी मागितली. मी दिली. त्यांनी लवंग हुंगली, मग एक दाताखाली धरली. तिखट लागली, एवढंच. ताई हसल्या आणि म्हणाल्या, घरी दूध करपून भांडं काळं झालं तरी मी शेजारीच उभी होते, तेव्हाच शंका आली होती.

दुसरं कोणी असतं तर लपवलं असतं. ताई सरळ सरांच्या केबिनमध्ये गेल्या आणि सांगून आल्या. सर माणूस चांगला. म्हणाले, थांबू. पण दिवाळीच्या आधी मोठ्या हॉटेलांसाठी वाईनची निवड होते, वर्षभर काय पुरवायचं ते तेव्हा ठरतं. तोपर्यंत नाक आलं तर उत्तम. नाही आलं तर नाशिकचे एक गृहस्थ आहेत, ते टेस्टिंग बघतील आणि ताईंनी ऑफिसची कागदपत्रं बघावीत. पगार तोच.

बाहेर आल्यावर ताई मला म्हणाल्या, "पगार तोच रे. पण कागदाला वास नसतो."

मी बरण्या पुसत राहिलो.

* * *

तोपर्यंतची सोय अशी ठरली: जिभेला कळतं ते ताई सांगणार. आंबटपणा किती, तुरटपणा किती, चव किती वेळ टिकते. वास मी सांगणार आणि त्या त्याचं नीट भाषेत करून लिहून घेणार. आली का पंचाईत! मला बोलावं लागणार.

एक व्हाईट वाईन होती. मी हुंगली. संत्र्याचा वास होता, पण होताही आणि नव्हताही. मी अडकलो. ताई वाट बघत होत्या. शेवटी म्हटलं, "ताई, शेजारच्या घरी कोणीतरी संत्रं सोललंय. आपल्या घरी नाही. शेजारी."

ताईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, याचं नीट भाषेत काही करायचं नाही, आहे तसंच जाऊ दे.

ते तसंच रोहनकडे गेलं, आणि रोहनने इंग्रजीत करून एका हॉटेलच्या मेनूत छापायला दिलं. आठवड्याने हॉटेलच्या मॅनेजरचा फोन. रोहनचा चेहरा पडला. त्याला वाटलं, आता शिव्या. फोन ठेवून तो आमच्याकडे आला.

"अजून दोन पेट्या पाहिजेत. गिऱ्हाईक नाव घेतच नाही म्हणे. शेजारची वाली द्या म्हणतात."

* * *

ताईंच्या नाकासाठी प्रत्येकाने आपापले उपाय केले. रोहनने मोबाईलवर वाचून काय काय सांगितलं. माझ्या आईने ओव्याची पुरचुंडी पाठवली. सर स्वतः अत्तर घेऊन आले. काही उपयोग नाही.

सावंतकाकांचं म्हणणं वेगळं होतं. हे सगळे नाजूक वास आहेत, झोपलेल्या माणसाला कुजबुजून कोण उठवतो? एका सकाळी ते गावची सुकट घेऊन आले. डबा भरून. एसी चालू असताना, दार लावून, त्यांनी टेस्टिंग रूमच्या मधोमध डबा उघडला आणि ताईंना म्हणाले, घ्या.

ताईंनी वास घेतला. जोरात घेतला. बिचाऱ्यांनी पुन्हा घेतला.

"नाही हो सावंत."

मग काकांनी पिशवीतून सुके बोंबील काढले.

त्यानंतर दोन दिवस टेस्टिंग बंद. त्या रूममध्ये पाणी प्यायलं तरी सुकटीचं लागायचं. खालच्या गाळ्यात कपडे निर्यात करतात, ते वर येऊन विचारून गेले की काही मेलंय का. सर केबिनचं दार लावून बसले. रोहन गॅलरीत लॅपटॉप घेऊन उभ्याने काम करत होता. मी नाकाला रुमाल बांधून पडदे काढत होतो.

आणि दुपारी बघतो तर ताई एकट्याच टेस्टिंग रूममध्ये बसून आरामात डबा खातायत. एसी चालू, पाय खुर्चीवर. मला बघून म्हणाल्या,

"ये ना रे. इतकी शांतता इथे कधी मिळत नाही."

हसलो आम्ही. पण त्या संध्याकाळी काका मला टेम्पोपाशी म्हणाले, ह्या वासान पण नाय उठला तर कठीण आसा रे. आणि गाडीत बसून राहिले, चावी न लावता.

* * *

निवडीचा दिवस आला. ताईंचं नाक आलं नव्हतं. सरांनी नाशिकच्या पाहुण्यांना बोलावून घेतलं. बारीक चष्मा, हळू आवाज, सज्जन गृहस्थ. ताईंनी स्वतः त्यांना खुर्ची दिली, ग्लास कुठे असतात ते दाखवलं आणि आपण खिडकीशी जाऊन बसल्या. म्हणाल्या, मी नुसती बघते.

आमच्याकडे निवड करताना बाटलीवरचं नाव दिसू देत नाहीत. नाव दिसलं की माणूस नावच चाखतो. त्यासाठी आम्ही फुटबॉलवाले घालतात ते लांब मोजे वापरतो. बाटलीवर मोजा चढवायचा, फक्त मान बाहेर. मोजे नवेच आणलेले आहेत, मी घरी नेऊन धुतो. त्या दिवशी जेवढ्या बाटल्या तेवढे मोजे मी घालून ठेवले होते. पण पाहुण्यांनी नाशिकहून येताना आपल्या ओळखीच्या एकाची बाटली आणली होती, ती आयत्या वेळी वाढली. सर म्हणाले, हीपण ठेवा रांगेत. मी ग्लास पुसत होतो. काकांनी मला सांगितलं, तू ऱ्हव, मी करतंय.

सुरुवात झाली. सर, पाहुणे, रोहन आणि मी. पहिल्या दोन-तीन बाटल्या नीट गेल्या. पाहुणे खरंच जाणकार होते. जे मला पुसट कळत होतं, ते सांगत होते. मला चांगलंही वाटत होतं आणि खिडकीकडे बघवतही नव्हतं.

मग काकांनी ती बाटली आणली. प्रत्येकाच्या समोर वाकून ओतली आणि टेबलाच्या मधोमध ठेवली.

पाहुण्यांनी ग्लास फिरवला, नाकाशी नेला आणि बराच वेळ धरून ठेवला. म्हणाले, वेगळीच आहे. गोठ्याचा वास आहे. काही जुन्या, महागड्या वाईनना असा येतो, लोक त्यासाठी पैसे मोजतात.

रोहन लगेच म्हणाला, चीज. परदेशी, पिकलेलं.

मला ओल्या गोणपाटाचा आला. मी तसं सांगितलं.

सर मान हलवत म्हणाले, वाटतेय खरी महाग.

सगळे पुन्हा हुंगत होतो. तेव्हा खिडकीपाशी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

ताई उठल्या होत्या. त्या चालत टेबलापाशी आल्या. त्यांनी ग्लास उचलला नाही. ग्लासांकडे बघितलंसुद्धा नाही. त्या बाटलीवर वाकल्या.

"सावंत," ताई म्हणाल्या, "हा पायातला आहे का?"

आम्ही सगळ्यांनी खाली बघितलं. काकांच्या एका बुटात मोजा होता. दुसऱ्यात नव्हता.

"बाटली उघडीच होती, ताई," काका म्हणाले. "सगळ्यांक कपडे, हिका नाय. बरा दिसना नाय. काढतंय, आता काढतंय."

त्यांनी हात पुढे केला. ताईंनी बाटली जवळ ओढून घेतली.

"हात लावू नका."

रोहनने आपला ग्लास टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला. सरांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. ताईंनी डोळे मिटले. आम्हाला शिकवलं होतं तसा आधी छोटा श्वास घेतला. थांबल्या. मग लांब घेतला, अगदी खोल, खांदे वर जाईपर्यंत. पुन्हा थांबल्या. त्यांच्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या होत्या, पण आवाज कामाचाच होता.

"वर ओलं चामडं आहे," त्या म्हणाल्या. "मग घाम. मग कापडाचा साबण, लिंबाचा. आणि सगळ्यात खाली..."

त्यांनी पुन्हा नाक लावलं.

"खोबरेल. सावंत, तुम्ही पायाला खोबरेल लावता?"

नाशिकच्या पाहुण्यांनी पेनाला टोपण लावलं आणि खिशात ठेवलं.

"टाचांक भेगा पडल्यत, ताई," सावंतकाका म्हणाले.